मागची चटई

मुखरूने राखेची टोपली कमरेवर टेकवली आणि बोटांच्या फटींतून राख सोडत तो मागे मागे सरकत गेला. धानाच्या कापलेल्या बांधीच्या मधोमध पांढरी रेघ उमटली. उपकारस्तुतीच्या सणाला हुतुतूचं मैदान दरवर्षी तोच आखायचा. दुसऱ्या कुणी आखलं तर रेघ वाकडी येते, असं त्याचं म्हणणं होतं, आणि टोलीत, म्हणजे त्या छोट्या ख्रिस्ती वस्तीत, मुखरूचं म्हणणं खोडून काढायच्या फंदात सहसा कुणी पडत नसे.

धान कापून झालं होतं. प्रार्थनाघरासमोरच्या या बांधीतली धसकटं टोलीतल्या गड्यांनी खणून काढली होती, पाणी शिंपडून जमीन चोपून घट्ट केली होती. प्रार्थनाघराच्या पायऱ्यांवर घराघरांतून आलेलं पहिलं पीक मांडलं होतं. धानाच्या पेंढ्या, कोहळे, वालाच्या शेंगा, मधाचं एक गाडगं, आणि पाय बांधलेला एक कोंबडा, जो देवाच्या दारात आणल्याबद्दल मुळीच उपकार मानत नव्हता. मुखरूने त्या सगळ्याकडे पाहिलं आणि त्याचा ऊर भरून आला. यंदा पाऊस वेळेवर आला, किडीने धान खाल्लं नाही, हिवतापाने कुणाला नेलं नाही. देव चांगला होता. आणि मुखरूही काही कमी नव्हता. बाप्तिस्मा झाल्यापासून त्याने दारूला बोट लावलं नव्हतं, रविवार चुकवला नव्हता, पहिल्या ओळीतली आपली जागा सोडली नव्हती. देवाचे उपकार मानताना हेही त्याच्या मनात हळूच येऊन जायचं.

“सलाम, भाऊ.”

रेघेच्या टोकाशी जंगू उभा होता. खांद्यावर धानाची पेंढी, अंगात धुतलेली बंडी. तिशीतला सडपातळ माणूस. बोटं लांब, ढोलकीवाल्याची. एकेकाळी त्याच्या ढोलकीशिवाय या भागातली दंडार, नाचगाण्याचं ते लोकनाट्य, उभी राहत नसे. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरायची, मंडईत रात्रभर दंडारीचा खेळ रंगायचा, आणि जंगू वाजवायला बसला की म्हातारेकोतारेही माना डोलवायचे. दंडारीत काही वाईट नव्हतं. वाईट होती ती पहाटे हातोहात फिरणारी मोहाची बाटली. एकदा ती तोंडाला लागली की जंगू आठ-आठ दिवस घरी येत नसे, आणि त्याची बायको चंदा नदीकाठच्या गावांतून त्याला शोधत हिंडायची. ख्रिस्ती झाल्यावर त्याने ढोलकी आढ्याला टांगली. पण मंडई आली की आढ्यावरची ढोलकी त्याला हाका मारायची. एकदा तो गेला. टोलीच्या पंचांनी त्याला मागच्या चटईवर बसवलं, मग क्षमा करून आत घेतलं. मागच्या साली पुन्हा गेला, आणि तेव्हापासून तो चटईवरच होता.

मागची चटई म्हणजे टोलीची शिक्षा. तिच्यावर बसणाऱ्याने उपासनेला यायचं, गाणी म्हणायची, पण प्रभुभोजनाच्या मेजाजवळ यायचं नाही. भाकर आणि प्याला त्याच्यापर्यंत जात नसे. किती काळ, ते पंच ठरवायचे. आणि पंचांत शेवटचा शब्द मुखरूचा.

“पाळकसाहेब आले,” जंगू म्हणाला. “आज सांजेले भोजन हाये.”

“हाये.”

“मी येऊ का, भाऊ?”

मुखरूने टोपली हलवून राख सारखी केली.

“अजून नाई.”

“यंदाच्या मंडईले मी घरीच होतो.”

“बरं.”

“नदीपल्याडून ढोलकी ऐकू येत होती. मी रातभर धान झोडत बसलो. चंदानं कंदील धरला. तुमाले कोनी सांगतलं नाई?”

कुणी सांगितलं नव्हतं. जंगू पडला की टोलीभर कळायचं. तो उभा राहिला तर ते कुणी कुणाला सांगत नसे. पण तेवढ्याने विरघळेल तो मुखरू कसला?

“एक मंडई टाळली म्हनून झालं नाई, जंगू. दोन डाव पडला तू. पयले पक्का हो.”

“मानूस पक्का कवा होते, भाऊ?”

“मी झालो ना.”

 जंगू पेंढी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत म्हणाला, “पाळकसाहेब आता ईस्टरलेच येतीन. तवरीक मी नाई थांबत. आरमोरीकडचे दंडारवाले बोलावून राह्यले. उद्या पाहाटे निंगतो. तिथी मले कोनी बाहेर बसवत नाई.”

तो पेंढी ठेवायला पायऱ्यांकडे गेला. मुखरू राख सोडत राहिला. दंडारवाल्यांबरोबर गेलेल्या जंगूचं काय होईल हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तरुणपणी तो स्वतः त्याच वाटेने गेला होता आणि दारूच्या भट्टीशेजारच्या चिखलात त्याला कितीदा तरी उजाडलं होतं. एकदा गेलेला जंगू परत येणार नाही, आणि आला तरी तो जंगू राहणार नाही. पण नियम तो नियम. एका माणसासाठी रेघ हलवली तर उद्या मैदानच राहणार नाही, असं त्याने स्वतःला बजावलं. मागे वळून पाहिलं तर शेवटच्या वितीत रेघ वाकडी आली होती. त्याने ती पायाने पुसली आणि पुन्हा आखली.

टोलीचे धर्मगुरू, पाळकसाहेब गुणवंतराव, चांद्याला राहायचे. मूल गावापर्यंत मोटर, पुढे बैलगाडी, मग डोंग्यातून वैनगंगा, असा प्रवास करून ते वर्षातून मोजक्या वेळा टोलीत यायचे, आणि प्रत्येक वेळी गुडघ्यापर्यंत भिजलेले असायचे. मूळचे नागपूरकडचे, बोलणं शुद्ध, मन मोकळं. त्या सकाळी प्रार्थनेत त्यांनी पिकासाठी उपकार मानले, पावसासाठी मानले, आणि आपला जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला म्हणून त्या नव्या सरकारासाठीही विनंती केली.

“आपन मुंबईले गेलो?” सोमारीबाईने शेजारणीला विचारलं. “मले तं कोनी उठवलं नाई.”

सोमारीबाई ही टोलीतली पहिली ख्रिस्ती बाई. दात गेले होते, एक डोळा अधू झाला होता, जीभ मात्र शाबूत होती. मुखरूची ती मावशी. सगळी टोली त्याला ‘पंचभाऊ’ म्हणायची आणि ती ‘पोट्ट्या’.

उपदेशात पाळकसाहेबांनी शर्यतीचा विषय घेतला. विश्वासात चालणं म्हणजे धावणं आहे, ते म्हणाले. बाप्तिस्मा झाला म्हणजे माणूस पोचला असं नाही. तिथे तर तो फक्त धावायला उभा राहतो. काल जेवढा होता त्याहून आज त्याने वाढायला हवं, आजच्याहून उद्या. “अर्ध्या वाटेवर ‘मी पोचलो’ म्हणून जो बसला, त्याची शर्यत तिथेच सुटली.”

मुखरूने जोरजोरात मान हलवली. उपदेश फार पटला की तो ज्याच्यासाठी असेल त्याच्याकडे एक नजर टाकायची त्याची सवय होती. त्याने दाराबाहेर पाहिलं. ओसरीतल्या चटईवर जंगू बसला होता; भिंतीमुळे अर्धाच दिसत होता.

“पाळकसाहेब,” सोमारीबाई मध्येच म्हणाली, “धावून धावून जाचं कुठी गा? इथी तं बांध्याच बांध्या हायेत.”

सगळी सभा हसली. पाळकसाहेबही हसले. इथे धावायच्या शर्यती कुणी लावत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं.

“मग तुमचा खेळ कोणता, बाई?”

“हुतुतू.”

“तो मला येत नाही. दुपारी बसून पाहतो. पुढच्या वेळी त्याच्यावर बोलेन.”

उपासना संपल्यावर ते मुखरूजवळ आले आणि हलक्या आवाजात विचारलं, “जंगूचं काय ठरवलंत?”

“अजून नाई,” मुखरू म्हणाला.

पाळकसाहेबांनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. पण वर्षभर टोलीत राहणारे पंच होते, पाळकसाहेब नव्हते. ते दुसऱ्या कुणाचा सलाम घ्यायला वळले. दाराशी उभ्या असलेल्या चंदाने मात्र ऐकलं होतं. तिने डोईवरचा पदर पुढे ओढला आणि ती चुलीकडे निघून गेली.

दुपारी जेवणं उरकली तसे शेजारच्या गावचे लोक यायला लागले. त्यांचे पुढारी बापूजी, मोठ्या बांध्यांचे मालक, डोक्याला पटका, हातात काठी. ते ख्रिस्ती नव्हते, पण टोलीच्या सणाला चुकायचे नाहीत. हुतुतूचा पंच म्हणून दरवर्षी त्यांनाच उभं करायचे, कारण आपल्याच गावाच्या विरुद्ध निवाडा द्यायला ते कचरत नसत. येताना ते टोलीसाठी गुळाची भेली आणायचे आणि जाताना एक कोहळा न्यायचे.

त्या वर्षी टोलीचे दोन गडी हिवतापाने अंथरुणावर होते. एकाच्या जागी मुखरू स्वतः उतरणार होता. पन्नाशी उलटली होती, पण त्याच्या तरण्या काळातल्या गोष्टी लोक अजून सांगायचे: त्याचा दम एवढा लांब, की समोरचे कंटाळून खाली बसायचे, आणि मुखरू कधी कुणाच्या हाती सापडला नाही. दुसऱ्या गड्याच्या जागी कोण, हा प्रश्न होता.

“जंगू हाये ना,” दसरू म्हणाला. टोलीच्या गड्यांत तो सगळ्यांत तरणा.

“चटईवरचा गडी टोलीकडून खेळत नाई,” मुखरू म्हणाला.

बापूजींनी काठी जमिनीत रोवली. “मुखरूभाऊ, चटई तुमच्या देवळातली. इथी तं मले नुसती बांधी दिसून राह्यली. गडी पुरे करा, नाई तं खेळ आमाले देऊन टाका.”

शेजारच्या गावच्या लोकांनी हो हो करून ओरडा केला. मुखरूने धोतराचा काचा मारला आणि जंगूकडे न पाहता मान हलवली.

खेळ सुरू झाला. ओढ्याला पूर यावा तशी पोरंबाळं रेघेवर लोटली, बायका बांधावर बसल्या, आणि पाळकसाहेब एका उलट्या टोपल्यावर बसून पाहू लागले. समोर भैयाजी नावाचा गडी होता, मानेने बैलासारखा. त्याच्या हाताला लागलेला माणूस सुटत नसे. जंगू दुसऱ्याच फेरीत त्याच्या तावडीत सापडला. उठून त्याने गुडघ्याची माती झटकली आणि मधल्या रेघेच्या टोकाशी, मैदानाबाहेर जाऊन बसला. बसायची त्याला सवय आहे, असं मुखरूच्या मनात आलं.

मग मुखरू गेला.

“हुतुतूतूतू...” त्याचा आवाज बांधीभर घुमला आणि बांधावरच्या म्हाताऱ्या एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या. त्याने डावीकडे हूल दिली, उजवीकडे वळला, एकाच्या खांद्याला हात लावायला झेपावला. पण पाय पूर्वीसारखे वळले नाहीत. तेवढ्यात भैयाजीने त्याचा घोटा धरला. मुखरू रेघेकडे घसटत निघाला. छाती जमिनीला, हात पुढे. राखेची ती सरळ, पांढरी, त्यानेच आखलेली रेघ हातभर उरली होती. तिथे दम तुटला.

“मुखरू मेला!” बापूजी ओरडले.

क्षणभर कुणाला खरंच वाटलं नाही. मग असा काही हशा आणि टाळ्या उसळल्या, की पायरीवरचा कोंबडासुद्धा आरवला. मुखरू उठला. त्याने कुणाकडे पाहिलं नाही. कान तापले होते. तो सरळ चालत मैदान सोडून दूर मोहाच्या झाडाखाली गेला आणि पाठमोरा बसला.

“मुखरूभाऊ!” बापूजींनी हाक मारली. “तिथी नाई. इकडं, रेघेजवळ बसा.”

“इथी काय वाईट हाये?”

“नेम तो नेम. दूर बसलेला गडी जिवंत होत नाई. इथी बसा, मंग तुमची पाळी येईन.”

सकाळी स्वतःला सांगितलेला शब्द दुपारी बापूजींच्या तोंडून परत आला. मुखरू उठला, मान खाली घालून आला, आणि जंगूच्या मागे बसला. जंगूने वळून पाहिलं नाही. मुखरूसमोर त्याची पाठ होती. बंडीवर, पाठीच्या कण्यालगत, एक ठिगळ होतं. चंदाने बारीक टाक्यांनी लावलेलं. एवढ्या वर्षांत मुखरूने जंगूची पाठ कधी पाहिली नव्हती. तो नेहमी पुढे बसायचा.

शेजारी पोत्यावर सोमारीबाई बसली होती. तिला दिसत फारसं नव्हतं, पण कुठे काय चाललं आहे हे तिला बरोबर कळायचं.

“आला का पोट्ट्या? बस. इथून खेळ बेस दिसते.”

मुखरूने छातीवरची माती झटकली.

“बुढ्या साहेबाले असंच इथी बसवलं होतं आमी,” ती म्हणाली. बुढे साहेब म्हणजे टोली वसवणारे मिशनरी. देश स्वतंत्र झाला त्या साली ते आपल्या मुलखाला निघून गेले होते. “पयल्याच साली त्यानं हा खेळ पाह्यला. मले इचारते, ‘सोमारी, तो मानूस मेला ना? मंग घरी काऊन नाई जात?’ मी म्हटलं, ‘साहेब, घरी जाईन तं जिवंत कसा होईन?’ असा हासला बापा, असा हासला, डोळ्याले पानी आलं त्याच्या. अन् दुसऱ्या रविवारी त्यानं चटई टाकली.”

“कोनती चटई?”

“कोनती म्हनजे? तुमची चटई. मेजाच्या बाजूले टाकली होती. इतकी जवळ, का बसलेल्यानं हात लांबवला तं भाकरीले लागला पाहिजे.”

“मी पाह्यतो तवापासून दरवाज्याजवळच होती, मावशी.”

“तू मांगून आला. पयले एकाले वास येते म्हनून सरकवली, मंग बसाले जागा पुरत नाई म्हनून सरकवली. असं करता करता दरवाज्याले लागली.” ती थांबली. “अन् ओसरीत कोनं नेली?”

ओसरीत मुखरूने नेली होती. मागच्या सालच्या मंडईनंतर जंगू पहिल्या रविवारी आला तेव्हा त्याच्या अंगाला मोहाचा वास येत होता. तो वास मुखरूला सहन झाला नाही. आपल्याच जुन्या अंगाचा वास होता तो, आणि म्हणूनच त्याने चटई उचलून बाहेर टाकली होती. ती पुन्हा आत घ्यायचं नंतर कुणाच्या मनात आलं नाही.

“बसवाचं तेवढं ध्यानात ठेवलं तुमी,” सोमारीबाई म्हणाली. “आनाले जाचं भुलून गेले.”

समोर जंगूची पाठ हलली नाही. त्याने ऐकलं की नाही, कोण जाणे.

तेवढ्यात ओरडा झाला. दसरूने समोरचा एक गडी मारला होता. मुखरू ताडकन उठला. पहिला मान आपला, ही सवय अंगातच मुरलेली. एक पाय मैदानात पडलासुद्धा.

“मुखरूभाऊ, बसा,” बापूजी म्हणाले. “जो आधी बसला तो आधी उठते. जंगूची पाळी हाये.”

मुखरू परत बसला. जंगू आत गेला.

आता समोर तीनच गडी उरले होते आणि त्यांत भैयाजी. इकडे तर दसरू आणि जंगू दोघंच; बाकीचे मेलेले गडी मुखरूच्या मागे रांगेत येऊन बसले होते. जंगूने रेघेवर उभं राहून हातांचे तळवे मांड्यांवर घासले, ढोलकीवर बसण्याआधी घासावे तसे, आणि दम घेतला.

त्याचा हुतुतू वेगळाच होता. इतर जण एका सुरात ओढत न्यायचे; जंगूच्या आवाजात ठेका होता. तू-तू-तूतू, तू-तू-तूतू. आढ्याला टांगलेली ढोलकीच जशी त्याच्या छातीत येऊन बसली होती. बांधावरची पोरं आपसूक त्या ठेक्यावर टाळ्या वाजवायला लागली. मुखरू पुढे झुकला. रेघेजवळ बसलेल्या माणसाला एकच काम असतं, ते म्हणजे दुसऱ्याच्या दमाकडे पाहणं. हे त्याला आज पहिल्यांदा कळत होतं. आपले हात, आपले पाय, आपला लांब दम, सगळं गुंडाळून ठेवलेलं; आणि जगणं-मरणं त्या ठिगळ लावलेल्या बंडीतल्या माणसाच्या श्वासावर. आणि तो माणूस उद्या पहाटे निघून जाणार होता.

“धर, बापा,” तो पुटपुटला. “दम धर. सोडू नको.”

कडेचा गडी जरा गाफील होता. त्याला शिवून परत येणं सोपं होतं. पण जंगू आत शिरला, पार आत, आणि भैयाजीच्या मनगटाला हात लावून वळला. भैयाजीने त्याला मागून कमरेत धरलं. जंगू पडला. ठेका सुटला नाही. तू-तू-तूतू. आवाज बारीक होत गेला, मच्छरासारखा झाला, पण तुटला नाही. आणि लांब बोटांचा एक हात सरपटत सरपटत राखेच्या रेघेवर येऊन पडला.

“भैयाजी मेला!” बापूजी ओरडले. “मुखरू जिवंत!”

मुखरूला उठताच येईना. पायांत मुंग्या आल्या होत्या, पण नुसतं तेच नव्हतं.  त्याने काही केलं नव्हतं. तो नुसता बसला होता. बाप्तिस्म्याच्या दिवशी नदीच्या पाण्यातून वर येताना त्याला असंच वाटलं होतं: मी काही केलं नाही, मला कुणीतरी वर काढलं. ते किती वर्षांत आठवलं नव्हतं! त्या दिवशी देवाचे उपकार मानायला शब्द सुचले नव्हते, नुसतं रडू आलं होतं. नंतर शब्द पुष्कळ आले आणि ते रडू कुठे गेलं, त्याला कळलंही नव्हतं.

जंगू धापा टाकत समोर उभा होता. त्याने हात पुढे केला. बोटांना राख लागली होती.

“या, भाऊ. तुमची पाळी.”

मुखरूने तो हात धरला आणि उठला.

खेळ टोली हरली. दरवर्षी हरायची. बापूजींनी ठरल्याप्रमाणे सगळ्यांत मोठा कोहळा निवडला, भैयाजीने तो डोक्यावर घेतला, आणि पाहुणे हसत-खिदळत बांधांवरून आपल्या गावाकडे निघून गेले.

दिवेलागणीला प्रार्थनाघरात गॅसबत्ती पेटली. मेजावर पांढरं कापड होतं, ताटात भाकर होती, प्याल्यात मनुका भिजवून काढलेला रस होता. लोक हातपाय धुऊन आपापल्या जागी येऊन बसले. सोमारीबाई भिंतीला टेकली. चंदा बायकांच्या शेवटच्या ओळीत, दाराकडे तोंड करून बसली होती. ओसरीत जंगू चटईवर येऊन बसला होता. निघायच्या आधीची ही शेवटची उपासना, म्हणून आला असावा.

पाळकसाहेबांनी गाणं सांगितलं. गाणं सुरू झालं तरी पहिल्या ओळीतली मुखरूची जागा रिकामीच होती.

मुखरू ओसरीत उभा होता.

“जंगू, ऊठ जरा,” तो म्हणाला.

जंगूने वर पाहिलं. आत चंदाचं गाणं ओठांवरच थांबलं. आता इथूनही उठवतात की काय, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. जंगू सावकाश उठला आणि पायरीकडे निघाला.

“तिकडं कुठी जातं? थांब.”

मुखरूने वाकून चटई गुंडाळली. बोरूची जुनी चटई. कडा उसवलेल्या, मधोमध बसणाऱ्याच्या वजनाने खळगा पडलेला. ती काखेत मारून तो दारातून आत शिरला. माणसांमधून वाट काढत पुढे गेला. गाण्याचे सूर एकेक करून गळत गेले, शेवटी एकट्या पाळकसाहेबांचा आवाज उरला, आणि मग तेही थांबले. मुखरूने मेजाच्या बाजूला चटई अंथरली. मागे सरून अंतर पाहिलं. हात लांबवून पाहिला. चटई आणखी थोडी पुढे ओढली. सकाळी रेघ आखताना जेवढी काळजी घेतली होती तेवढीच आताही घेतली. मग तो स्वतः तिच्या मागच्या अर्ध्या भागावर मांडी घालून बसला.

“ये,” तो जंगूला म्हणाला.

जंगू दारात उभा होता. भिंतीकडून सोमारीबाईचा आवाज आला, “जाय ना गा. भाकर थंडी होऊन राह्यली.”

कुणीतरी हसलं. जंगू आत आला आणि चटईच्या पुढच्या भागावर बसला. मुखरूसमोर पुन्हा तीच पाठ, तेच ठिगळ. बायकांच्या ओळीतून हुंदका दाबल्याचा आवाज आला आणि लगेच गाणं परत उचललं गेलं. या वेळी चंदानेच ते उचललं, आणि सगळ्यांहून वरच्या पट्टीत.

प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी भाकर मोडली आणि ताट घेऊन ते वळले. टोलीत भाकर पहिल्यांदा पंचांना द्यायची रीत होती आणि पंचांत पहिल्यांदा मुखरूला. सवयीने त्यांनी जंगूच्या डोक्यावरून ताट मुखरूसमोर धरलं.

मुखरूने हात पुढे केला नाही.

“पाळकसाहेब, पयले त्याले द्या,” तो म्हणाला. “माह्या आधीपासून बसला हाये तो.”

पाळकसाहेबांना दुपारचा खेळ नवीन होता, पण तो त्यांनी नीट पाहिला होता. ते जंगूसमोर वाकले. जंगूने दोन्ही हात पसरले. धुतले होते तरी नखांच्या कडेला राख होती. मुखरू त्याच्या मागे, आपली पाळी येईपर्यंत, ओंजळ धरून बसला.